वर्दी : धाराशिव जिल्ह्यातील संकटसंदेशाचा इतिहास

आग लागली, पुराचे पाणी गावात शिरले, खून पडला, तर त्याची खबर अधिकाऱ्यास पोहोचविणे यास मराठी दप्तरी भाषेत 'वर्दी देणे' असे म्हणतात. हिंदीत हाच शब्द गणवेशाचा वाचक आहे आणि तो अर्थ आता मराठीतही शिरला आहे. तथापि अग्निशामक दलास आजही आगीची 'वर्दी' च मिळते. बातमी आणि वर्दी यांत एक भेद आहे व तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बातमी कोणीही ऐकावी आणि ऐकून सोडून द्यावी. वर्दीचे तसे नाही. ती ज्यास दिली त्याच्यावर काही करण्याचा भार येतो. आणि ज्याने दिली त्याच्यावरही, ती खोटी ठरल्यास, जबाबदारी राहते. म्हणजे वर्दीला दोन टोके असतात आणि त्या दोन टोकांमध्ये एक वाट असते.

भ्रमणध्वनीवरून ११२ या क्रमांकास चार शब्दांचा लघुसंदेश पाठवून पोलीस, रुग्णवाहिका अथवा अग्निशामक दल बोलाविणे, हा वर्दीचा आजचा सर्वांत नवा प्रकार होय. दळणवळणाचे इतिहास लिहिणारे बहुधा मधल्या वाटेचा इतिहास लिहितात : पायी जासूद, मग टपाल, मग तार, मग दूरध्वनी, मग बिनतारी, आणि प्रत्येक टप्प्यावर वेग कसा वाढला याचे वर्णन. ते वर्णन खोटे नाही. परंतु एका जिल्ह्यापुरते का होईना, खाली उतरून पाहिले म्हणजे असे दिसते की संकटात सापडलेल्या माणसाचे खरे अडले ते वाटेवर नव्हे, टोकांवर. वर्दी देण्याचा हक्क अथवा बोजा कोणावर, ती कोणत्या भाषेत लिहावयाची, ठिकाण कसे सांगावयाचे, आणि ती पोहोचली याची पोच कोण देणार, हे प्रश्न वेग वाढला म्हणून सुटले नाहीत. लघुसंदेशाने त्यांतील एक प्रश्न प्रथमच निकालात काढला आहे. उरलेले तसेच शिल्लक आहेत, एवढे या लेखात दाखवावयाचे आहे.

धाराशिव जिल्हा या चौकशीसाठी सोयीचा आहे, कारण तो नेहमी कोठल्या तरी सीमेवर राहिला. १८५३ च्या तहान्वये नळदुर्गचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये परत आला. मधल्या काळात कर्नल मेडोज टेलर याने काही वर्षे त्याचा कारभार पाहिला. पुढे सालारजंगाच्या जिल्हाबंदीत त्याचा जिल्हा झाला, मुख्य ठाणे नळदुर्गाहून धाराशिवास आले, आणि शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव रूढ झाले. पश्चिमेस लागूनच इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्हा. १९४८ नंतर हैदराबाद राज्य, १९५६ त मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. २०२३ मध्ये शहर व जिल्हा या दोहोंस धाराशिव हे जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले. सत्ता आणि सीमा अशा वारंवार बदलल्या म्हणजे वर्दी कोणाकडे न्यावयाची हा प्रश्न साध्या खेडुतालाही पडतोच.

रेल्वे व तार येण्यापूर्वीची व्यवस्था मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून सापडते. गावात काही अनिष्ट घडले की पाटील निर्णय करी, कुलकर्णी मोडीत चिठ्ठी लिही, आणि ती घेऊन तालुक्याच्या ठाण्यापर्यंत चालत जाण्याचे काम महार वतनदाराकडे असे. येसकर, तराळ ही नावे त्याच्या कामांचीच. रात्र असो, पाऊस असो, नदीला पाणी असो, चिठ्ठी गेलीच पाहिजे. न गेल्यास दोष चालणाऱ्याचा. मोबदला म्हणून बलुत्याचा वाटा व थोडी वतनी जमीन. गावात मरण झाले तर त्याची खबर परगावच्या सोयऱ्यांना नेणे हेही त्याच माणसाचे काम. म्हणजे गावाची सारी दुःखे ज्याच्या पायांनी गावाबाहेर जात, त्याला गावाच्या आत मात्र जागा नव्हती. आपल्या स्वतःच्या घरी आग लागली तर त्याने वर्दी कोणाकडे द्यावी? पाटलाकडे, आणि चिठ्ठी लिहावी की नाही हे पाटलाने ठरवावे. संदेश वाहणारा निराळा आणि संदेश धाडण्याचा अधिकारी निराळा, ही या व्यवस्थेची मूळ रचना होती.

भाषेचीही एक साखळी होती. घटना मराठीत घडे, कुलकर्णी ती मोडीत उतरवी, आणि वर जाता जाता तिचे उर्दू होई. कारण हैदराबाद संस्थानात १८८४ पासून कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू करण्यात आली होती. प्रत्येक वळणावर लिहिणारा बदले. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याचे शब्द वरच्या कागदात क्वचितच पोहोचत.

या व्यवस्थेविरुद्धचा लढा हा वर्दीच्या इतिहासाचाच भाग आहे, जरी त्याची नोंद सहसा दुसऱ्या प्रकरणात केली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हाच विचार होता की अनिश्चित मोबदल्यावर चोवीस तासांची सरकारी चाकरी ही गुलामगिरी होय. आणि १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद त्यांच्या उपस्थितीत भरली ती आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे. स्थळ विचार करण्याजोगे आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९०७ मध्ये बार्शीहून येडशीमार्गे तडवळ्यापर्यंत आला व १९११ त लातूरला पोहोचला. लोखंडी रुळ आणि तारेचे खांब जेथे पोहोचले होते त्याच ठिकाणी, पायी चिठ्ठ्या नेणारे लोक आपल्या पायांवरील हे ओझे उतरवा म्हणून जमले होते. यंत्र आले म्हणून माणसाचे ओझे आपोआप उतरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

तारेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण लघुसंदेशाची खरी पूर्वज तीच. दोन्हींत मजकूर लेखी, दोन्हींत तो आखूड, दोन्हींत आखूडपणा पैशाने वा यंत्राने लादलेला. तारेत शब्दांवर आकार पडे, म्हणून विभक्ती व क्रियापदे गाळून लिहिण्याची एक स्वतंत्र शैली निर्माण झाली. आंतरराष्ट्रीय नियमांत मनुष्यप्राणाच्या रक्षणासंबंधीच्या तारेला 'एसव्हीएच' ही खूण असे, आणि ती खूण असलेला संदेश इतर सर्व संदेशांच्या पुढे काढला जाई. म्हणजे संकटाच्या मजकुराला वाटेवर अग्रहक्क देण्याची कल्पना भ्रमणध्वनीच्या पुष्कळ आधीची आहे. परंतु तार करावयाची तर तारघर हवे, आणि तारघरात रोमन लिपी हवी. देवनागरीतून तारा स्वीकारण्यास भारतात १९४९ मध्ये सुरुवात झाली, तीही आरंभी हिंदी प्रांतांतील निवडक शहरांत. जिल्ह्याचे ठाणे स्वतः लोहमार्गापासून दूर. उस्मानाबाद शहराला रेल्वे आली ती मार्ग रुंद झाल्यावर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. भूम-परंड्याकडील खेडुताला तारघर गाठण्यासाठी जेवढे चालावे लागे तेवढ्यात तो तालुक्याच्या ठाण्यावर जाऊन स्वतःच तोंडी सांगू शके.

त्यामुळे खेड्याच्या अनुभवात तार ही पाठविण्याची वस्तू नव्हती, येण्याची होती. 'तार आली' एवढे ऐकताच बायका रडू लागत, हे महाराष्ट्रात सर्वत्र घडलेले आहे. कागद वाचून दाखविणारा मिळेपर्यंत कोण गेले हे कळत नसे, कोणी तरी गेले एवढे निश्चित असे. एकदिशा माध्यम म्हणूनच ती जगली आणि २०१३ च्या जुलैत बंद झाली.

येथे १९४७-४८ च्या काळाकडे एक दृष्टी टाकणे अवश्य आहे. रझाकारांच्या उपद्रवात उस्मानाबाद जिल्ह्यातील अनेक कुटुंबे सीमा ओलांडून बार्शी व सोलापूर भागात गेली, आणि सीमेलगत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. गावावर हल्ला झाल्याची खबर तालुक्याच्या ठाण्यावर नेण्यात अर्थ नव्हता, कारण भय होते ते त्याच राज्यसत्तेच्या आश्रयाने वावरणाऱ्यांचे. वर्दी मग उलट दिशेने, सीमेपलीकडे, माणसांच्या तोंडून गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने आत शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. वर्दी घेणारे टोकच जर भयाचे कारण असेल तर वाट कितीही चांगली असून उपयोगाची नसते. पुढे दुसऱ्या संदर्भात, म्हणजे घराच्या चार भिंतींआड जिला मारहाण होते त्या स्त्रीच्या संदर्भात, हाच मुद्दा परत येईल.

राज्यपुनर्रचनेनंतर वतने गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद निर्माण केले. वंशपरंपरा संपली, परंतु वर्दी देण्याचे कर्तव्य एका नेमलेल्या व्यक्तीकडे राहिले. तालुक्यास पोलीस ठाणे, ठाण्यात बिनतारी यंत्र, मोठ्या गावी टपाल कचेरीतील एखादा दूरध्वनी, अशी साखळी सत्तर-ऐंशीच्या दशकांत जुळत गेली. तिची घनता किती विरळ होती ते राष्ट्रीय दूरसंचार धोरणावरून समजते : १९९४ मध्ये भारतात दर शंभर माणसांमागे सरासरी ०.८ दूरध्वनी होते. ही सरासरी मुंबई-दिल्लीसह आहे. तेरणेकाठच्या खेड्यांसाठी काय उरत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा स्थितीत १९९३ साल आले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप जगात किल्लारीचा वा लातूरचा म्हणून ओळखला जातो. किल्लारी हे लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातील गाव. परंतु विनाशाचा पट्टा अकरा वर्षांपूर्वी आखलेली जिल्ह्याची हद्द मानणारा नव्हता. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील गावे त्यात तेवढीच सापडली. अधिकृत आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास उस्मानाबाद जिल्ह्यातील होती. दगड व मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार, आणि अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाढ झोपलेली माणसे. रिश्टर मापनावर ६.४ इतक्या मध्यम भूकंपाने एवढी हानी व्हावी याचे कारण घरांच्या या बांधणीत होते, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले.

वर्दीच्या दृष्टीने या घटनेचे दोन भाग पडतात, आणि पहिला भाग एक वर्ष आधीचा आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी परिसरात शंभराहून अधिक लहान धक्के बसले. १८ ऑक्टोबरचा त्यांतल्या त्यात मोठा. लोक भयभीत होऊन बाहेर झोपले. ही भूमीने दिलेली वर्दी होती. परंतु दक्षिणेचे पठार स्थिर आहे, तेथे मोठा भूकंप संभवत नाही, ही तत्कालीन शास्त्राची सर्वसाधारण धारणा. धक्के थांबले आणि लोक पुन्हा माळवदाखाली झोपू लागले. घेणाऱ्या टोकाजवळ एखाद्या संदेशाचा अर्थ लावण्याची चौकटच नसेल, तर तो संदेश पोहोचूनही पोहोचत नाही.

दुसरा भाग त्या रात्रीचा. सामान्यतः संकटाची वर्दी संकटग्रस्त ठिकाणाहून निघते. येथे उलट झाले. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की परभणीतील विसर्जन मिरवणूक पार पडल्याचे कळेपर्यंत ते मुंबईत जागेच होते. धक्का जाणवताच त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडे चौकशी केली, तेथून किल्लारी परिसराचे नाव कळले, आणि सकाळी ते विमानाने तिकडे निघाले. म्हणजे राज्याच्या प्रमुखास पहिली वर्दी मिळाली ती पृथ्वीच्या कंपाची, आणि तिचे वाचन केले यंत्राने. माणसांची वर्दी मागून आली. जी गावे पूर्ण कोसळली तेथे वर्दी देणारा पोलीस पाटील स्वतः ढिगाऱ्याखाली असू शकतो, टपाल कचेरी पडलेली, दूरध्वनीच्या तारा तुटलेल्या. जेथे संकट सर्वांत मोठे तेथून आवाज सर्वांत कमी येतो, हा आपत्तीच्या अभ्यासातील नियमच म्हणावा लागेल. त्यात भर म्हणजे यंत्राने एक बिंदू सांगितला आणि त्या बिंदूचे नाव किल्लारी पडले. नाव पडले की मोटारी, वार्ताहर, धान्य, कपडे त्या नावाकडे धावतात. बिंदूला नाव असते, पट्ट्याला नसते. सास्तूर-होळीच्या लोकांना आपल्या दुःखाचा उल्लेख शेजारच्या जिल्ह्याच्या नावाने होताना ऐकावा लागला, ही तक्रार किरकोळ मानू नये.

आता एक योगायोग नोंदवितो. या भूकंपापूर्वी दहाच महिने, ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून एका भ्रमणध्वनीवर नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द पाठविले; तोच जगातील पहिला लघुसंदेश समजतात. भारतात पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान. तेव्हा तेरणेकाठी पुनर्वसनाची कामे चालू होती. जागतिक बँकेच्या साह्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत घरांबरोबरच राज्यासाठी आपत्ती व्यवस्थापन आराखडे, जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष व त्यांना जोडणारे संदेशजाळे यांचाही समावेश होता. लोकांच्या स्मरणात घरे राहिली. नियंत्रण कक्ष कोणाच्या लक्षात राहत नाही. तथापि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने देशभर जिल्हा प्राधिकरणे आली, त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात त्याचा पाया घातला गेला होता, आणि तो या दोन जिल्ह्यांच्या प्रेतांवर घातला गेला होता, हे विसरता येत नाही.

यापुढील टप्पे थोडक्यात सांगता येतील. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. पोलीस १००, आग १०१ असे निरनिराळे क्रमांक असण्याऐवजी सर्वांस एकच ११२ असावा अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ त केली. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर स्थापन झालेल्या निर्भया निधीतून या व्यवस्थेला पैसा मिळाला. महाराष्ट्रात ती २०२१ पासून चालू असून नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत वर्दी घेतली जाते आणि तेथून ती संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे, मग गस्तीच्या वाहनाकडे जाते. बोलून, लघुसंदेश लिहून, ईपत्राने किंवा भ्रमणध्वनीवरील विशेष सोयीने, अशी चारही प्रकारे ती देता येते.

लघुसंदेशाचे वेगळेपण कशात आहे? संभाषणासाठी दोन टोकांमध्ये काही वेळ अखंड वाहिनी लागते. लघुसंदेश एका छोट्या तुकड्याच्या रूपाने नियंत्रणाच्या वाहिनीवरून जातो. वाटेतील केंद्र तो साठवून ठेवते आणि संधी मिळताच पुढे ढकलते. म्हणून जेथे आवाज तुटतो अशा बालाघाटाच्या खोलगटीतूनही, किंवा एकाच वेळी हजारो लोक बोलू पाहत असतानाही, तो कधी कधी निसटून जातो. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या आणि माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. अशा वेळी भ्रमणध्वनीतील उरलेली वीज बोलण्यात घालवावी की लिहिण्यात, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

परंतु याहून मोठा फरक ऐतिहासिक आहे. पाटलाचा निर्णय, कुलकर्ण्याची लेखणी, वतनदाराचे पाय, तारमास्तरची कळ, यांतील कोणीही आता मध्ये नाही. ज्याच्यावर प्रसंग, त्याचीच लेखणी. या जिल्ह्याच्या इतिहासात असे प्रथमच घडत आहे.

मध्यस्थ गेला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही गेले, हे मात्र मान्य केले पाहिजे. येसकर ठाण्यावर येऊन उभा राहिला की तो कोठून आला हे विचारावे लागत नसे. नवी मुंबईत पडद्यावर उमटलेल्या 'वडगाव' या शब्दाचे काय करावयाचे? वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत याची मोजदाद सोपी नाही. साध्या लघुसंदेशात ठिकाण आपोआप येतेच असे नाही. ते लिहावे लागते, तालुक्यासह. त्यात एक लिहील धाराशिव, दुसरा सवयीने उस्मानाबाद. आणि लोहाऱ्याचा तालुका नंतर झालेला, म्हणून म्हातारा माणूस सास्तूरला उमरगा तालुक्यातच घालील.

लिपीची अडचण तर तारेच्या काळापासून चालत आलेली आहे. एका लघुसंदेशाला १४० बाइट एवढीच जागा मिळते. जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड याने १९८५ च्या सुमारास टंकलेखन यंत्रावर सहज सुचतील ती वाक्ये लिहून मोजली आणि १६० अक्षरे पुष्कळ झाली असा निष्कर्ष काढला. ती अक्षरे रोमन होती. देवनागरीत त्याच जागेत ७० चिन्हे बसतात, आणि यंत्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्ताची खूण ही प्रत्येक स्वतंत्र मोजते. 'सास्तूर' या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, यंत्राला सात. 'आग लागली. सास्तूर, ता. लोहारा. लवकर या.' एवढ्यातच ३९ चिन्हे संपतात. मजकूर लांबला तर तो तुकड्यातुकड्यांनी जातो व पलीकडे जोडला जातो. पण एखादा तुकडा वाटेत रेंगाळला तर गावाचे नावच मागे राहावयाचे. म्हणून पुष्कळजण मराठी रोमन लिपीत लिहितात. कुलकर्ण्याच्या मोडीचे उर्दू होत असे, तसेच हे एक रूपांतर. फरक एवढाच की आता ते संकटग्रस्ताने स्वतःच, थरथरत्या बोटांनी, करावयाचे.

राहिली पोच. परदेशांत या मुद्द्याचा विचार कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये ९९९ ला लघुसंदेश पाठविण्याची सोय मुख्यतः बधिर व वाचादोष असलेल्यांसाठी सुरू झाली. तीत आधी नाव नोंदवावे लागते. अमेरिकेत त्याच वर्षी आयोवा राज्यातील ब्लॅक हॉक परगण्याने ९११ वर लघुसंदेश घेण्यास आरंभ केला. तेथील दूरसंचार आयोगाने पुढे कंपन्यांवर असे बंधन घातले की ज्या भागात ही सोय नाही तेथून कोणी संदेश पाठविला, तर 'हा संदेश पोहोचलेला नाही, दूरध्वनी करा' असे उत्तर त्याला तत्काळ गेलेच पाहिजे. हा नियम दिसायला क्षुल्लक आहे, पण आपत्तीच्या वेळी खोट्या भरवशाइतके घातक काही नसते, हे जाणून केलेला आहे. मदत येत नाही असे कळले तर माणूस दुसरी वाट शोधतो. येत आहे अशा समजुतीत तो बसून राहतो.

बोलता न येणाऱ्यांचा प्रश्न मी शेवटी घेतला, तो गौण आहे म्हणून नव्हे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या दृष्टीने १०० क्रमांक हा असून नसल्यासारखाच होता. जिला नवऱ्याच्या देखत बोलणे शक्य नाही तिलाही तो तसाच. पायी चिठ्ठीच्या काळात हे दोघेही पाटलाच्या मर्जीवर, दूरध्वनीच्या काळात शेजाऱ्याच्या मर्जीवर. लेखी, निःशब्द, स्वतः धाडता येणारी वर्दी त्यांच्यासाठी सोयीचा भाग नाही, ती एकमेव वर्दी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने जिल्हा आपत्ती प्राधिकरणावर जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवण्याचे आणि संकटाची माहिती त्यांना समजेल अशा रीतीने देण्याचे कर्तव्य टाकले आहे. ती नोंद आणि ११२ ची व्यवस्था एकमेकींस जोडल्या गेल्या, तर धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतील कोणत्या घरातून निःशब्द संदेश येणे संभवते हे संदेश येण्याच्या आधीच ठाऊक असेल, आणि 'वडगाव' कोणते हा प्रश्नही पुष्कळ अंशी मिटेल.

जुन्या तारेच्या कागदावर दोन वेळा लिहिलेल्या असत : तार हाती दिली ती वेळ, आणि पलीकडे उतरून घेतली ती वेळ. कागद जपून ठेवलेल्या घरांत त्या आजही वाचता येतात. मदतीचा लघुसंदेश पाठविणाऱ्याच्या पडद्यावर एकच वेळ राहते, त्याने तो धाडला ती. दुसरी वेळ नियंत्रण कक्षाच्या यंत्रात असते.